काचेतली गाडी, पत्र्याखालची गाडी

मे महिना, दुपारचे साडेचार. पुण्याबाहेर हायवेला लागून असलेल्या एका गाड्यांच्या शोरूममध्ये मी ॲल्युमिनियमच्या शिडीवर चढलो होतो आणि मालक, सेल्स मॅनेजर आणि चहा घेऊन आलेला पोरगा असे तिघं खालून वर बघत होते. तक्रार नेहमीचीच होती. "सर, एसी कमी पडतोय. अजून दहा टन टाका, विषय संपवा." चार हजार चौरस फुटांच्या शोरूमला बत्तीस टन आधीच बसवलेले होते.

खाली माणसाच्या डोक्याच्या उंचीला थर्मामीटर २६ दाखवत होता. वर, सतरा फुटांवर छताजवळ, ३३. पश्चिमेच्या काचेशेजारी खुर्ची टाकून बसलेलं गिऱ्हाईक रुमालाने मान पुसत होतं, आणि मागच्या कोपऱ्यात अकाउंट्सच्या टेबलावरची मुलगी खांद्यावर शाल घेऊन बसली होती. एकाच हॉलमध्ये रुमाल आणि शाल दिसली, की थंडावा कमी पडत नसून भलतीकडे जातोय हे समजावं. तिथे टन वाढवले तर मुलगी स्वेटर घालील आणि गिऱ्हाईक तरीही मान पुसत राहील.

हा 'टन' नेमका काय, ते आधी बघू. त्याचा मशीनच्या वजनाशी संबंध नाही. यांत्रिक थंडावा यायच्या आधी अमेरिकेत बर्फ वापरायचे. त्यांचा एक टन, म्हणजे दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो एक टन. आजच्या मापात ३.५ किलोवॅट. एवढी उष्णता दर क्षणी खोलीतून उचलून बाहेर टाकायची. ही हमाली करायला मशीन विजेची मजुरी घेतं: शोरूममधल्या डक्टेबल (गार हवा डक्टमधून, म्हणजे पत्र्याच्या नळांतून पसरवणाऱ्या) यंत्रांना टनामागे साधारण एक ते सव्वा किलोवॅट. म्हणजे एसी उष्णता नाहीशी करत नाही, आतली बाहेर नेऊन टाकतो. मग हिशेबाचा पहिला प्रश्न असा की उष्णता आत येतेच कुठून?

त्या शोरूममध्ये उत्तर समोरच होतं. रस्त्याकडची भिंत पूर्ण काचेची, साठ फूट लांब आणि सोळा फूट उंच, आणि तोंड पश्चिमेला. म्हणजे जवळजवळ नव्वद चौरस मीटर काच. मेमध्ये दुपारी चार-पाचला पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला सहाशे वॉटच्या आसपास ऊन पडतं. साधी पारदर्शक काच त्यातलं ऐंशी टक्के आत सोडते. गुणाकार करा: ४३ किलोवॅट. बारा टन. बत्तीसपैकी बारा टन केवळ त्या काचेच्या सेवेला जुंपलेले होते, आणि मालक जे दहा टन आणखी मागत होते तेही तिथेच खर्ची पडले असते.

काच किती ऊन आत सोडते याचा आकडा काचेच्या माहितीपत्रकावर असतो. त्याला एसएचजीसी म्हणतात. साध्या काचेचा ०.८ च्या आसपास. केंद्र सरकारच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने, म्हणजे २०१७ च्या ईसीबीसीने, आपल्यासारख्या उष्ण हवामानात उत्तर सोडून बाकी दिशांच्या काचेला जास्तीत जास्त ०.२७ ची मर्यादा घातली. १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभार असलेल्या व्यापारी इमारतींसाठी ही संहिता आहे. त्याच नव्वद चौरस मीटरला ०.२७ ची काच असती तर आत येणारी उष्णता बारा टनांवरून चारवर आली असती. आठ टनांची यंत्रं, त्यांचे डक्ट, त्यांची केबल आणि पुढची पंधरा वर्षं त्यांचं बिल, हे सगळं काचेच्या निवडीत वाचलं असतं. संहितेत काचेचं क्षेत्रफळही भिंतींच्या चाळीस टक्क्यांत बसवायला सांगितलंय, पण ते सगळ्या इमारतीचं मिळून धरतात. समोरची भिंत पूर्ण काचेची ठेवून बाकी तीन बंद ठेवल्या, तर शोरूमची हौसही भागते.

इथे मार्केटिंगवाले हात वर करतात. "काळी काच लावली तर रस्त्यावरून गाडी दिसणार कशी?" शंका रास्त आहे. पण ऊन आणि उजेड एकच नव्हे. सूर्याच्या उष्णतेतला निम्म्याच्या आसपास भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. चांगली लो-ई लेप (उष्णता परतवणारा अतिशय पातळ थर) दिलेली दुहेरी काच तो भाग परतवते आणि निम्म्याच्या आसपास उजेड आत येऊ देते. अशी काच महाग पडते, हे खरंच. मात्र किमतीची तुलना साध्या काचेशी न करता 'साधी काच अधिक आठ टन' या बेरजेशी केली, तर चित्र बदलतं.

"मग छज्जा काढू का?" मालकांनी विचारलं. दिशा बघून उत्तर द्यावं लागतं. पुण्यात मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावली दिवस येतो. भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर, खांबाची सावली खांबाच्याच पायात. त्या काळात दक्षिणेच्या काचेवर ऊन जवळजवळ पडतच नाही, आणि डिसेंबरात पडतं ते साध्या छज्जाने आटोक्यात येतं. पश्चिमेचं ऊन वेगळं. संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून पंचवीस-तीस अंशांवर उतरलेला असतो. दोन मीटरचा दांडगा छज्जा काढलात तरी पाच मीटर काचेतली वरची एक मीटर सावलीत येईल, बाकी चार मीटर उन्हातच. पश्चिमेला सावली उभी लागते: तिरके बसवलेले उभे फिन (पट्ट्या), जाळी, झाडं, किंवा काचेपासून हातभर बाहेर पडदा. आतून लावलेल्या ब्लाइंडचा उपयोग अर्धामुर्धा. ऊन एकदा काचेच्या आत आलं की ब्लाइंडवर पडो नाहीतर फरशीवर, उष्णता घरातच राहते. प्लॉट घेताना शोरूमचं तोंड हायवे ठरवतो, सूर्याला कोणी विचारत नाही. ते बदलता येत नाही. मग निदान काच तरी विचारून घ्यावी.

आता शिडीकडे परत येतो. गरम हवा हलकी, ती वर जाते, हे शाळेत शिकलेलं असतं. सतरा फुटी छताच्या हॉलमध्ये ती वर जाऊन थर धरून बसते. ती तिथे बसली तर आपलं काही बिघडत नाही, कारण सतरा फुटांवर कुणी गाडी विकत घ्यायला येत नाही. माणसाला गारवा हवा तो जमिनीपासून सहा-सात फुटांपर्यंत. तरीही बहुतेक शोरूममध्ये छतातल्या जाळीतून गार हवा सोडतात, छतातूनच परत ओढतात, आणि तापमान मोजणारा सेन्सर त्या परतीच्या जाळीत बसवतात. इथेही तसंच होतं. रिमोटवर मॅनेजरने २२ लावले होते, आणि सेन्सर छताजवळच्या थरात बसून ३३ वाचत होता. मशीनला २२ कधी दिसणारच नव्हते, म्हणून ते सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत श्वास न घेता चालत होतं. मी सेन्सर खाली आणून खांबावर छातीच्या उंचीला बसवायला सांगितला. मात्र काचेसमोरच्या किंवा दिव्यांचा झोत पडेल अशा खांबावर नाही. एक सेन्सर, वीस-बावीस फूट वायर, अर्धा दिवस. त्या साइटवरचं सगळ्यात स्वस्त काम तेच होतं.

नवी इमारत असेल तर मी गार हवा छतातून सोडतच नाही. बाजूच्या भिंतीतून, दहा-बारा फुटांवरून, लांब फेकणाऱ्या नोझलने सोडतो. ती खाली उतरत माणसांपर्यंत पोचते, वरचा गरम थर वरच राहतो आणि छताजवळचा एक लहान पंखा त्यातलं थोडं थोडं बाहेर टाकतो. सतरा फुटांपैकी सात फूटच गार करायचे.

तापमान किती ठेवावं यावर जास्त लिहीत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो म्हणते की एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, आणि जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाले खोलीचे एसी २४ अंशांवरच सुरू होतील असे बनवणं बंधनकारक झालं. शोरूममध्ये वीसचा आग्रह बहुतेक वेळा गिऱ्हाइकाचा नसतो, कोट-टाय घातलेल्या सेल्समनचा असतो. मे महिन्यात कोट काढायची मुभा द्या असं मी प्रत्येक प्रस्तावात लिहितो. आजवर एकाही ब्रँडने ते मान्य केलेलं नाही.

दाराची गोष्ट याहून मजेशीर आहे. पाडवा, दसरा, धनत्रयोदशी. एका दिवसात पंधरा-वीस गाड्यांच्या डिलिव्हऱ्या. गाडीला हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, मग नारळ, पेढे, किल्लीसोबत फोटो, आजीसोबत फोटो. हे सगळं होईपर्यंत गाडी बाहेर काढायचं ते भलंमोठं सरकतं दार सताड उघडं. एसीवाल्यासाठी पाडव्याइतका वाईट दिवस नाही, कारण तो नेमका मार्च-एप्रिलच्या उन्हात येतो. दारावर हवेचा पडदा सोडणाऱ्या एअर कर्टनने थोडं भागतं, फार नाही. खरा उपाय नकाशात असतो: डिलिव्हरीची जागा मुख्य हॉलपासून काचेच्या पार्टिशनने वेगळी करायची, तिला पंखे आणि जेमतेम गारवा द्यायचा. सोहळा रंगू दे, शोरूमची हवा आपल्या जागी राहू दे.

टेस्ट ड्राइव्हवरून आलेली गाडीही आत घेऊ नये. गाडी म्हणजे टनभर लोखंड. हजार किलोची गाडी सरासरी ४५ अंशांवरून २५ वर यायची तर तिच्यातून निघणारी उष्णता उचलायला एक टनाचं मशीन पाऊण तास फक्त तिच्यासाठी चालवावं लागतं. इंजिन तर ४५ पेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं. तिला बाहेर सावलीत निवू द्यावं.

जास्तीचे टन टाकायला मी विरोध करतो त्याचं आणखी एक कारण आहे, ते पावसाळ्यात कळतं. एसी दोन कामं करतो: हवा गार करतो आणि हवेतलं पाणी काढतो. पाणी काढायला गार कॉइलवरून हवा बराच वेळ वाहावी लागते. जुलैत ऊन नसतं, म्हणजे उष्णता कमी आणि दमटपणा भरपूर. त्यात चालू-बंद होणारं अवाढव्य मशीन पाच मिनिटांत तापमान गाठतं आणि थांबतं. पंखा मात्र फिरत राहतो आणि कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा हवेत सोडतो. माणसांना चिकट वाटतं, मग कोणीतरी रिमोट उचलून १८ करतं, आणि दुसऱ्या दिवशी शोरूमच्या काचेवर बाहेरून दव. कोकणात आणि गोव्यात हे जून ते सप्टेंबर रोजचं. इन्व्हर्टर किंवा व्हीआरएफ (गरजेप्रमाणे गॅसचा प्रवाह कमी-जास्त करणारी) यंत्रं वेग उतरवून बारीक चालू शकतात, त्यामुळे त्यांना हे जरा बरं जमतं, पण तिप्पट मोठं मशीन तेही किती बारीक चालणार?

आता मागचा दरवाजा उघडून वर्कशॉपमध्ये जाऊ. दोन्हीकडे गाड्याच, पण हवेचं गणित अगदी उलटं. शोरूममध्ये गारवा जपून ठेवायचा असतो, वर्कशॉपमध्ये हवा सतत बाहेर टाकायची असते. गाडी दुरुस्तीच्या जागेत दर चौरस फुटाला मिनिटाला दीड घनफूट हवा बाहेर काढावी, असं अमेरिकेतल्या ॲशरे या संस्थेचं मानक सांगतं, आणि आपल्याकडचे सल्लागारही ते सर्रास वापरतात. दहा हजार चौरस फुटांच्या शेडला ते होतात पंधरा हजार सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट. आता समजा मालकांच्या मनात आलं की मेकॅनिकनाही एसी द्यावा. हेतू चांगला. पण बाहेरून येणारी ४० अंशांची एवढी हवा २६ वर आणायलाच चौतीस टन लागतील, आणि ती गार केलेली हवा लगेच एक्झॉस्टमधून बाहेर जाईल. त्यात पत्र्याची उष्णता आणि हवेतला ओलावा धरलेलाच नाही.

म्हणून वर्कशॉपमध्ये क्रम बदलतो. आधी धूर उगमालाच धरायचा. इंजिन चालू ठेवून काम करायचं असेल त्या बेवर (गाडी लावायच्या जागेवर) सायलेन्सरच्या तोंडाला रबरी होज लावायचा आणि तो धूर थेट छपराबाहेर. त्या मानकात हे सक्तीचं आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करतात तेव्हा धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापलेला नसतो, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात जास्त तेव्हाच निघतो. त्याला ना वास ना रंग. "धूर दिसत नाही, म्हणजे पेट्रोल गाडी बरी" हा समज मी जुन्याजाणत्या फोरमनकडूनही ऐकलाय. हा वायू हवेइतक्याच वजनाचा, सगळीकडे पसरतो. पेट्रोलची वाफ मात्र जड, ती खाली पिटमध्ये (गाडीखाली जायच्या खड्ड्यात) साचते, आणि सीएनजी हलका, तो पत्र्याखाली जमतो. पुण्या-मुंबईत सीएनजीच्या गाड्या भरपूर, म्हणून एक्झॉस्टची तोंडं दोन्हीकडे हवीत, जमिनीलगत आणि शेडच्या शिखराशी. फक्त मधल्या भिंतीत दोन पंखे ठोकून भागत नाही.

एक्झॉस्टच्या पंख्यांना कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर आणि मोटरचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी लावला तर त्यांना दिवसभर पूर्ण वेगाने पळवावं लागत नाही. पंख्याची वीज वेगाच्या घनाने बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज साधारण निम्मी होते, आणि अर्ध्यावर आणला तर आठवा हिस्सा. वीज वाचवायच्या सगळ्या युक्त्यांमध्ये मला ही सर्वांत लाडकी आहे.

मग मेकॅनिकच्या घामाचं काय? त्याला तापवणारी गोष्ट हवा नसते, पत्रा असतो. मेमध्ये शेडचा पत्रा साठ अंशांच्या पुढे जातो आणि खाली काम करणाऱ्याच्या डोक्यावर चुलीसारखा धगधगतो. पत्र्याखाली इन्सुलेशन आणि वरून पांढरा परावर्तक रंग, ही कामं आधी. वर सौर पॅनेल टाकले तर त्यांची सावलीही मिळते. त्यानंतर पंखे. वीस-चोवीस फूट व्यासाचे संथ फिरणारे एचव्हीएलएस पंखे एक-दीड किलोवॅटमध्ये अख्खी शेड हलवतात. लिफ्टवर चढवलेली गाडी पात्याला लागणार नाही एवढी उंची तेवढी आधी मोजून घ्या. हे मी उगाच सांगत नाहीये.

गारवा हवाच असेल तर माठाचं तत्त्व आहे. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, वाळ्याच्या पडद्याला जमतं तेच धंद्यात एअर वॉशर करतो. नागपुरात मेमध्ये बाहेर ४३ अंश आणि हवा कोरडी असते, तेव्हा एअर वॉशरचा चांगला ओला पॅड सत्तावीस-अठ्ठावीसची हवा देतो, तीही एसीच्या विजेच्या लहानशा वाट्यात. तेच मशीन मुंबईत ३४ अंशांच्या दमट हवेत लावलं तर जेमतेम साडेचार अंश उतरतात आणि वर घाम वाळेनासा होतो. पुण्यात मार्च ते मे चालवावं, पाऊस लागला की पाणी बंद करून नुसता पंखा ठेवावा. डेंटिंग-पेंटिंगच्या भागात मात्र ओली हवा नको, रंगावर फोड येतात.

पेंट बूथ, म्हणजे गाडीला रंग मारायची बंद खोली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, त्यातलं एवढंच इथे सांगतो की बूथ सुरू झाला की तो तासाला वीस हजार घनमीटरच्या आसपास हवा बाहेर फेकतो. त्या शोरूमच्या मागे होता तो जुना बूथ, त्याला स्वतःची ताजी हवा बाहेरून घ्यायची सोयच नव्हती. तो शेडमधून ओढायचा, शेड मधल्या दाराच्या फटीतून ओढायची, आणि फटीपलीकडे शोरूम. म्हणजे गाडीला रंग मारला की शोरूमची गार केलेली हवा बूथच्या चिमणीतून वर जायची, आणि तिच्या जागी पुढच्या दारातून हायवेची धूळ आत यायची. बूथ बंद झाला की उलट, थिनरचा वास सोफ्यापर्यंत. नियम साधा आहे: शोरूममध्ये ताजी हवा थोडी जास्त भरायची, म्हणजे तिथला दाब किंचित वरचढ राहतो, वर्कशॉप किंचित ओढीत राहतं, आणि बूथला त्याची हवा थेट बाहेरून मिळते.

हे तपासायला महागडं उपकरण लागत नाही. मी खिशात अगरबत्तीचा पुडा ठेवतो. बूथ चालू करायला सांगितला, मधलं दार बोटभर उघडं ठेवलं आणि फटीशी पेटती अगरबत्ती धरली. धूर आडवा होऊन वर्कशॉपकडे असा काही धावला की जवळ उभे असलेले मालकही चपापले. बूथ बंद केल्यावर तोच धूर गिरकी घेऊन आमच्या अंगावर आला.

दहा टनांची ऑर्डर रद्द झाली. सेन्सर खाली आला, बूथला बाहेरून हवा मिळाली, काचेबाहेर उभे फिन लागायला दिवाळी उजाडली. चहावाला पोरगा मात्र बराच काळ सगळ्यांना सांगत होता की एसीवाले साहेब आले आणि दाराला अगरबत्ती ओवाळून गेले.